उंबराखालचे बावीस दगड

मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची यादी फ्रिजवर असते, ऑफिसात प्रलंबित फायलींची टेबलाच्या काचेखाली, आणि पर्समधल्या छोट्या वहीत रोज सकाळी त्या दिवसाची कामं लिहिलेली असतात. झालेलं काम मी खोडत नाही. समोर बरोबरची खूण करते. खोडलं की आधी काय लिहिलं होतं ते वाचता येत नाही, आणि सरकारी कामात ते कधी ना कधी वाचायची वेळ येतेच.

या लेखासाठी बसले तेव्हाही आधी यादी केली. टंचाईच्या टेबलावरच्या आठवणी सतरा निघाल्या. संपादकांनी किती पानं मिळतील ते सांगितलं, मग तीन ठेवल्या. खरं म्हणजे सांगायची एकच आहे. पहिल्या दोन सांगितल्याशिवाय ती समजणार नाही, म्हणून त्या राहिल्या.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत मिळून माझी नोकरी झाली. त्यातली अकरा वर्षं पाणीटंचाईचं टेबल माझ्याकडे होतं. बाहेरचा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, की तुमच्याकडे इतका पाऊस, मग टँकर कशाला? उत्तर सोपं आहे. आमच्याकडे चार महिने घरातले कपडे वाळत नाहीत हे खरं, पण खाली काळा कातळ आणि सगळीकडे उतार. पडलेलं पाणी थांबत नाही. वैतरणेवर अडवलंय ते मुंबईला जातं. दिवाळीपर्यंत ओहोळ वाहतात, माघात विहिरी तळाला जातात, आणि शिमग्याच्या सुमाराला बायका विहिरीच्या तळाशी झिऱ्यापाशी वाटी घेऊन बसतात. वाटी भरायची, कळशीत ओतायची, पुन्हा झिरपायची वाट बघायची.

टँकर कसा मिळतो तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ग्रामसेवक प्रस्ताव पाठवतो. मग आमच्या पंचायत समितीच्या ऑफिसचं एक माणूस आणि तहसीलचं एक माणूस मिळून पाड्यावर जातात. विहीर बघतात, जवळपास दुसरं पाणी आहे का बघतात, आणि माणसं मोजतात. माणशी दिवसाला वीस लिटर. त्याचा गुणाकार करून किती दिवसांनी किती खेपा हे ठरतं. वरून मंजुरी आली की टँकर सुरू होतो आणि पाणी पाड्याच्या विहिरीत ओततो. बायका ते दोराने शेंदून घेतात. आमच्या ऑफिसकडून मोजायला जाणारं माणूस म्हणजे मी.

आमच्या भागाला मोजणी नवी नाही. वावर-वांगणीच्या पोरांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंची बातमी आली तेव्हा मी बारावीत होते. माझं माहेर खोडाळ्याच्या पलीकडे, भात नि नागलीचं घर. त्यानंतर डोंगरात गाड्या येऊ लागल्या, आणि पोरांची वजनं, उंच्या, दंडाचे घेर लिहून घेणं सुरू झालं. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली. यादीत आलेलं माणूस वाचतं. नोकरीला लागले तीच ही समजूत घेऊन.

पहिली आठवण पोस्टरची. एका उन्हाळ्यात वरून ‘पाणी वाचवा’ची रंगीत पोस्टरं आली. प्रत्येक टंचाईग्रस्त पाड्यावर लावून त्याचा फोटो पाठवायचा होता. मी खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर गेले. पाड्याचं नाव लिहीत नाही. एक्केचाळीस घरं, एक विहीर, विहिरीपासून वीस पावलांवर उंबर. तिथे वनशीआजी भेटली. सत्तरीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की डोंगराच्या पलीकडचा गुराखी वळून बघेल. विहिरीवर कोणाचा नंबर कधी हे तीच बघायची.

“बाय, काय लिवलंय ते वाच तरी,” ती म्हणाली.

मी वाचलं. दात घासताना नळ बंद ठेवा. शॉवरऐवजी बादली वापरा. गाडी पाइपने धुऊ नका.

“आदी नळ उघडू दे,” आजी म्हणाली, “मग बंद करीन.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, “आजीची गाडी दाखवा मॅडमना.” आजीची गाडी म्हणजे तिची काठी.

मग तिने मला घरात नेलं. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीच्या पातेल्यात ठेवलं होतं. भांडी राखेने घासून एकाच पाण्यात विसळलेली. अंघोळीचा दगड परसात अशा जागी होता की सगळं पाणी कारल्याच्या वेलाला जाईल. मी फोटो काढला, पोस्टर गुंडाळून परत आणलं आणि आमच्या ऑफिसच्या बेसिनवर लावलं. तो नळ वर्षभर गळत होता. चौथ्या दिवशी प्लंबर आला. त्या पोस्टरने वाचलेलं पाणी एवढंच, माझ्या माहितीप्रमाणे.

दुसरी आठवण कमी गमतीची आहे. दुसऱ्या एका गावाने प्रस्तावात माणसं फुगवून दिली होती. ठाण्यात कायमचे राहायला गेलेले मुलगे, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळे त्यात होते. मी नवी होते. घरोघर न जाता पारावर बसून नावं वाचून घेतली आणि सही केली. टँकर सुरू झाला. विहिरीत पाणी उरू लागलं, आणि एके दिवशी आख्खी खेप एका लग्नाच्या मांडवात गेली. शेजारच्या पाड्याला त्याच आठवड्यात एकही खेप नव्हती. तिथल्या बाया हंडे घेऊन ऑफिसात आल्या. ओरडल्या नाहीत. माझ्या टेबलासमोर रिकामे हंडे मांडून बसल्या.

साहेबांनी विचारलं, “तुम्ही कोणाला बघून सही केलीत?”

त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्यापुरता नियम लिहिला. समोर दिसेल तेच माणूस. त्यानंतर मी प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. चुलीवर किती भाकरी आहेत ते बघितलं, अंथरुणं मोजली. सरपंच वैतागायचे, ग्रामसेवक कंटाळायचे, पण माझ्या यादीवर कोणी बोट ठेवू शकत नव्हतं. याचा मला अभिमान होता. तो लपवत नाही.

आता तिसरी.

काही वर्षांनी वनशीआजीच्या पाड्याचा टँकरचा प्रस्ताव आला. आधीच्या वर्षांत त्यांनी कधी मागितला नव्हता, झिऱ्यावर भागवलं होतं. त्या वर्षी झिराच बारीक झाला. माघ संपत आला होता. ग्रामसेवक भाऊसाहेब, तहसीलचे एक साहेब आणि मी असे तिघं जीपने गेलो.

विहीर तीसेक फूट खोल. पायऱ्या नाहीत, बांधकामातून बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत उतरायचं. कठड्यापासून दगडांची एक रांग लावलेली होती, हातात मावतील एवढे दगड, प्रत्येकावर वेगळी खूण. मला ती बघताच समजली. आमच्याकडे नंबराला हंडे मांडतात. इथे हंडा घरात लागतो म्हणून दगड मांडत होते, एवढाच फरक. एका घराचा एक दगड. ज्याची पाळी आली त्याने आपला दगड उचलून शेवटी नेऊन ठेवायचा. दुसऱ्याच्या दगडाला कोणी हात लावत नाही.

मी घरोघर फिरले. एकोणीस घरांत माणसं होती. बावीस घरांची दारं दोरीने बांधलेली. माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली, पोराबाळांसकट. मी माझ्या पद्धतीने लिहीत गेले. घर बंद. घर बंद. घर बंद. शेवटी बेरीज केली. एकोणीस घरं, त्रेसष्ट माणसं. परत विहिरीवर येऊन रांगेतले दगड मोजले, ते एकोणीस भरले. यादी जुळली की मला जेवल्यासारखं वाटतं. तसं वाटलं.

तहसीलचे साहेब पाणी प्यायला उंबराखाली थांबले होते. तिथे बुंध्याला लागून, सावलीत, अर्धगोल करून आणखी दगड मांडलेले होते. कोणावर चुन्याचा ठिपका, कोणावर कोळशाच्या रेघा. पाला झाडून जागा स्वच्छ केलेली. आमच्या डोंगरात झाडाखाली असे दगड मांडलेले दिसले की ते कोण हे विचारायचं नसतं. वाघोबा असेल, गावदेव असेल, कोणाचे पूर्वज असतील. मी चपला काढल्या आणि हात जोडले. साहेबांनीही जोडले. वनशीआजी काठी टेकून बाजूला उभी होती. ती माझ्याकडे बघून काही न बोलता हसली, आणि निघताना तिने माझ्या हातात चार आवळे ठेवले.

त्रेसष्ट गुणिले वीस, म्हणजे दिवसाला बाराशे साठ लिटर. टँकर दहा हजारांचा. आठवड्याला एक खेप. मंजुरी लवकर आली. फाइल स्वच्छ होती, कोणी एकही शंका काढली नाही.

शिमग्याला भट्टीवरची काही माणसं आली आणि परत गेली. अखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मात्र सगळी परतली. लग्नसराई, मग पालापाचोळा जाळून शेताची राबणी, मग पाऊस; दरवर्षी याच वेळेला परततात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझे काका याच वेळेला परतायचे. पण माघात यादी करताना मी ऑफिसची होते, खोडाळ्याकडची नव्हते.

एक्केचाळीस घरं, एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं, आणि आठवड्याला एक खेप. खेप अडीच दिवसांत संपायची. पुढचे साडेचार दिवस झिरा.

ग्रामसेवकाचा फोन आला. “मॅडम, लोक परतलेत. खेप वाढवा.”

“भाऊसाहेब, नवा प्रस्ताव पाठवा. फोनवर खेप वाढत नाही.”

“प्रस्ताव पाठवतो, पण पाहणीला कधी येणार?”

“तहसीलची गाडी मिळाली की.”

गाडी मिळायला नऊ दिवस लागले. आमच्या साहेबांना तोंडी विचारून मधे एक जादा खेप पाठवता आली असती. कागद मागून झाले असते. इतरांनी तसं केलेलं मी बघितलं होतं, आणि त्यांना नावंही ठेवली होती. मी विचारलं नाही. त्या नऊ दिवसांत माझ्या वहीत रोज एक ओळ होती, ‘खोडाळा पाडा, पाहणी बाकी’. रोज मी ती पुढच्या पानावर उतरवत होते.

आठव्या दिवशी वनशीआजीची नातसून रंजना विहिरीत उतरली. भट्टीवरून येऊन तिला पंधरा दिवस झाले होते. मूल सात महिन्यांचं, ते आजीपाशी ठेवून ती उतरली. सकाळचे सात वाजले असतील. तिच्यापुढे चौतीस दगड होते, ते तिने आदल्या दुपारपासून पुढे सरकताना बघितले होते. पाळी आली. तिने कळशी भरली, वर पाठवली, दुसरी भरली, वर पाठवली. चढताना वरून तिसरा दगड ओला होता.

जीव वाचला. तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने जव्हारला आणि तिथून नाशिकला नेलं. डावी मांडी दोन ठिकाणी मोडली होती. मूल तीन आठवडे शेजारणीच्या दुधावर राहिलं.

मला दुपारी कळलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि जादा खेप तोंडी मागितली. त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसूनच मी पाड्यावर गेले.

पाणी विहिरीत पडत होतं. बायका बाजूला उभ्या होत्या. कठड्यापासूनची रांग आता लांब गेली होती, पार वळणापर्यंत. वनशीआजी मूल मांडीवर घेऊन उंबराखाली बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून आलं.

“आजी, एवढी माणसं परत येणार, हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

तिने मान वर केली. “सांगितलं नाय? तू पाया पडलीस ना त्यांच्या.”

“कोणाच्या?”

तिने बुंध्याकडे हात केला. तिथे काहीच नव्हतं. जमिनीवर दगडांच्या बुडाचे गोल ठसे तेवढे राहिले होते.

“तो देव नव्हता?”

“देव तिकडं, शिवंवर. हे आमचे लोक.” ती मुलाला थोपटत, अगदी हळू बोलत होती. “भट्टीवर गेला का त्याचा दगड नंबरातनं काढून सावलीला ठेवायचा. फेकायचा नाय. आला का परत त्याच्या जागी. माझ्या सासूच्या वेळेपासनं असंच हाय. नायतर माणूस परत येल नि म्हणंल, माझी जागा कुठंय?”

मी ठसे मोजले. बावीस भरले.

“तू चपला काढल्यास,” आजी म्हणाली. “हात जोडलंस. त्या दुसऱ्या साहेबानं पण जोडलं. मी म्हणलं, ही बाय खोडाळ्याकडची, हिला समजलं. आमच्या माणसांना कोण हात जोडतं? म्हणून मी गप बसले. समजलेल्याला परत काय सांगायचं?”

अकरा वर्षांत मला वरिष्ठ पुष्कळ बोलले, एका पुढाऱ्याने फाइल फेकली. ते सगळं मी विसरले आहे. हे वाक्य विसरले नाही. तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

अपघाताचा अहवाल मलाच लिहायचा होता. नमुन्यात ‘कारण’ असा रकाना असतो. शेजारच्या टेबलावरचे सहकारी चांगल्या मनाने म्हणाले, “मॅडम, ‘तोल जाऊन’ लिहा. खोटं नाही ते.” खोटं नव्हतंच. मी ‘तोल जाऊन’ लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की माणसं स्थलांतराच्या काळात मोजल्यामुळे खेपा अपुऱ्या पडल्या व मोजणी मी केली होती. साहेब ते वाचून बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग सही केली. मला खुलासा मागणारं पत्र आलं, मी खुलासा दिला, पुढे काही झालं नाही. त्या ओळीने रंजनाचा पाय जुळला नाही, हेही लिहून ठेवते. पण ज्या फाइलमधे माझी स्वच्छ यादी लावलेली आहे, त्याच फाइलमधे ती ओळही आहे. पुढचा कोणी उघडेल त्याला दोन्ही वाचता येतील.

नियम मला बदलता आला नाही. नमुन्यात बंद घराला रकाना आजही नाही. शेऱ्याला मात्र आहे, आणि सरकारी कागदात शेऱ्याइतकी मोकळी जागा दुसरी नसते. पुढच्या वर्षापासून प्रत्येक पाड्याच्या यादीत मी शेऱ्यात लिहू लागले: बंद घरं किती, माणसं किती, कोणत्या महिन्यात परततात. अखातीपासूनच्या वाढीव खेपांची मंजुरी माघातच मागून ठेवायची. पहिल्या वर्षी ती यादी परत आली. दुसऱ्या वर्षी निम्मी मंजूर झाली. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एकाने फोन करून विचारलं, की हा शेरा कसा लिहिता? ऑफिसात मात्र चेष्टा झाली. “मॅडम, दगडाला माणशी किती लिटर?” असं एकाने विचारलं. मी म्हटलं, “माणसाइतकंच.” तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

आणखी एक शिकले. पाड्यावर गेल्यावर आधी नमस्कार नाही करत. आधी विचारते, हे काय आहे?

रंजना वर्षभराने चालू लागली. डावा पाय आखूड राहिला. भट्टीवर तिला कोणी घेत नाही. नवरा एकटा जातो, ती मुलाला घेऊन पाड्यावरच असते. वनशीआजी गेल्यावर विहिरीचा नंबर बघायचं काम तिच्याकडे आलं. कोणी नेमलं नाही. बारा महिने पाड्यावर असणारी, नावं पाठ असणारी तीच एक होती.

गेल्या जूनमध्ये माझं टेबल बदललं. आता माझ्याकडे आस्थापना आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा नि सेवापुस्तकं. तिथे माणसं बंद घरासारखी गायब होत नाहीत, अर्ज देऊन जातात.

या वर्षी पौषात रंजनाचा फोन आला.

“मॅडम, नळाचा माणूस आलाय मोजायला. पाण्याची टाकी बांधायचीय म्हणतो. बंद घरं सोडून चाललाय.”

“त्याला थांबव.”

“थांबवलंय. चहा दिलाय, आता दुसरा ठेवलाय.”

माझं काम नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आपल्याच टेबलावर आपणच मंजुरीला ठेवली, आणि वडापच्या जीपने निघाले. जाताना पाणीपुरवठ्याच्या एका ओळखीच्याला फोन करून सगळं विचारून घेतलं. किती माणसं धरली त्यावर टाकी आणि पाइप किती मोठा हे ठरतं. टँकरची खेप चुकली तर नऊ दिवसांत सुधारता येते. टाकी एकदा बांधली की पुढची तीस वर्षं तेवढीच.

सर्व्हेवाला तिशीचा होता, शांत स्वभावाचा, हातात टॅब. मी सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

“मॅडम, मला पटतंय,” तो म्हणाला. “पण अ‍ॅपमध्ये कुटुंबप्रमुखाचा फोटो लागतो. दगडाचा फोटो टाकला तर ते घेणार नाही.”

“जोडपत्र घेतं. बंद घरांची यादी करा, ग्रामसभेचा ठराव लावा आणि जोडा. मी विचारून आले आहे.”

“यादी कशावरून करायची?”

रंजना उंबराकडे चालू लागली होती. एक पाय ओढत ती बुंध्याशी गेली, खाली बसली आणि दगडांवरचा पाला हाताने बाजूला केला. एक्केचाळीस घरांतली बावीस पुन्हा सावलीत होती.

“लिहा,” ती म्हणाली. “हा दोन रेघांचा, काळूचा. पाच माणसं, भिवंडीला. हा चुन्याच्या ठिपक्याचा, त्याच्या भावाचा. सात होते, आता सूनबाय आली, आठ.”

तिने एकेकाला फोन लावला. भट्टीवर कामाची वेळ होती. मागे विटांचे साचे आपटल्याचा आवाज यायचा. “अगं, नाव विचारतायत नळाला. पोरं किती सांग,” असं ती म्हणायची, आणि पलीकडून नावं यायची. एकीने विचारलं, “नळ खरंच येणार काय ग?” रंजना म्हणाली, “ते मला नाय माहीत. नाव तर येऊ दे.” सर्व्हेवाल्याने टॅब बाजूला ठेवला होता. तो माझ्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होता, आणि प्रत्येक नावानंतर मी खूण करत होते. जेवायची वेळ टळून गेली.

एकवीस झाले. शेवटचा दगड लहान होता, एका बाजूने तुटलेला, वर कोळशाची फुली. तिने त्याच्यासाठी फोन लावला नाही.

“हा कोणाचा?” त्याने विचारलं.

“जान्याचा. चार माणसं. तीन हिवाळे झाले, आले नाहीत. फोन बंद लागतो.”

“परत येतील?”

“काय सांगू?”

“मग दगड कशाला ठेवलाय?”

रंजनाने दगड उचलला, बुडाची माती पुसली आणि होता तिथेच परत ठेवला. “मी कोण काढणारी?” ती म्हणाली.

तो माझ्याकडे बघू लागला. समोर दिसेल तेच माणूस, हा माझाच नियम होता. दुसरी बाजूही मी बघितली होती, मांडवात गेलेली खेप आणि माझ्या टेबलासमोरचे रिकामे हंडे. तीन वर्षं न आलेल्या माणसांना पाणी धरायचं का, या प्रश्नाला नियमातलं उत्तर मला सापडलं नाही, आणि मी ते थोडा वेळ शोधलं.

“नाव लिहा,” मी म्हटलं. “माणसं चार. आणि शेऱ्यात मी सांगते तसं लिहा.”

त्याने पेन टेकवलं. मी सांगितलं आणि त्याने लिहिलं: घर बंद. दगड जागेवर आहे.